जेवणाआधी न घ्यायचं नाव

तुमचं जेवण झालं नसेल तर आधी जेवून घ्या. मी थांबते. हे मी पाहुणचार म्हणून सांगत नाही, सवयीनं सांगते. आमच्या गावाचं नाव उपाशीपोटी घ्यायचं नसतं. घेतलं, किंवा नुसतं कानावर पडलं, तरी त्या दिवशी ताटातलं अन्न पोटात जात नाही, असं सगळ्या पंचक्रोशीत मानतात. कुणाची भाकरी करपते, कुणाचं दूध नासतं, कुणाला पहिल्या घासालाच मयताचा निरोप येतो. म्हणून आजूबाजूच्या गावांत सकाळी आमच्या गावाला 'डोंगरामागचं' म्हणतात आणि दुपारी ढेकर देऊन झाला की मग नाव घेतात. सकाळच्या एसटीचा कंडक्टरसुद्धा नुसतंच विचारतो, "डोंगरामागचं कोण हाय?" आणि आम्ही गुपचूप हात वर करतो.

गावाचं नाव झाकवाडी. आता वाचलंत तर वाचलंत.

कऱ्हाडहून सांगलीकडं येताना मोठा रस्ता सोडून आत वळलं की एक बुटका डोंगर आडवा येतो. त्याला वळसा घालेपर्यंत गाव दिसत नाही, आणि दिसलं की लगेच संपतं. ऊस बेताचा, हळद त्याहून बेताची. एक डेअरी, एक शाळा, एक देऊळ आणि प्रत्येक घरात पुण्याला गेलेला एक तरी मुलगा. एवढ्याशा गावाला कुणी नाव ठेवायचे कष्ट का घेतले असतील, असं मला लहानपणी वाटायचं. पण आमच्या गावाला नावं ठेवायला माणसं कधी कमी पडली नाहीत.

नावाची गोष्ट शेजारच्या गावांत सांगतात ती अशी. कुठल्याशा दुष्काळात झाकवाडीकरांनी आपलं धान्य पेवात लपवलं. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेलं कोठार. तोंड अरुंद, वर दगडी झाकण, झाकणावर माती. वरून चालणाऱ्याला खाली काय आहे ते कळत नाही. एक बाई तान्हं मूल घेऊन भाकरी मागत आली. लोक म्हणाले, आमच्याकडेच दाणा नाही. ती थकून बसली ती नेमकी त्या पेवावरच, आणि तिथंच मूल गेलं, मग ती गेली. मरताना म्हणाली, जे झाकलंत त्याचंच नाव तुम्हाला पडेल, आणि ते नाव ऐकणाऱ्याच्या तोंडचा घास जाईल. पुढं पेव उघडलं तर ज्वारीचा काळा चिखल झालेला. गोष्ट सांगणारे इथं जरा थांबतात आणि ऐकणाऱ्याकडं बघतात. ऐकणारा झाकवाडीचा असेल तर जरा जास्तच थांबतात.

आमच्या गावात वेगळी गोष्ट सांगतात. लुटारू आले तेव्हा गावानं देवाची मूर्ती मातीखाली झाकून वाचवली, म्हणून झाकवाडी. ही गोष्ट शाळेत सांगतात, पंधरा ऑगस्टला भाषणात सांगतात, आणि गावाबाहेर कुणीही ऐकून घेत नाही. मला विचाराल तर दोन्ही थापा आहेत. डोंगरानं झाकलेलं गाव म्हणून झाकवाडी, संपलं. पण इतकी साधी गोष्ट सांगून कुणाला छळता येत नाही, त्यामुळं ती कुणी सांगत नाही.

सगळ्यात वाईट म्हणजे आम्ही गावातलेही हे पाळतो. आमचे वडील सकाळची भाकरी खाऊन होईपर्यंत गावाचं नाव घेत नसत. मोबाईल आल्यावर त्यांची पंचाईत झाली. कुणी विचारलं, "कुठनं बोलताय?" तर म्हणत, "घरातनं." समोरचा म्हणे, "घर कुठं हाय?" तर म्हणत, "जरा येळानं सांगतो." आम्ही बहिणी पदर तोंडात धरून हसायचो. मी अजून हसते. ताईचं हसणं कधीच बंद झालं.

ताई माझ्यापेक्षा मोठी. तिच्या हाताला चव होती असं म्हटलं तर कमी होईल, आणि जास्त म्हणावं तर तुम्ही म्हणाल बहीण आहे. एवढंच सांगते, की तिनं केलेली साधी शेपूची भाजी, जी जगात कुणाला आवडत नाही, ती खायला आमच्या गल्लीतली पोरं वाटी घेऊन यायची. तिला शिकायचं नव्हतं, नोकरी नको होती, दागिन्यांचा सोस नव्हता. माणसांनी आपल्या हातचं बसून खावं आणि वर आणखी मागावं, एवढी एकच तिची हाव. कुणी दुसऱ्यांदा आमटी मागितली की तिच्या चेहऱ्यावर जे यायचं ते मी तिच्या लग्नातही पाहिलं नाही.

लग्न तिचं शेजारच्याच गावात झालं. ज्या गावात ती पेवाची गोष्ट सगळ्यात रंगवून सांगतात, त्याच गावात. बघायला आले तेव्हा तिच्या हातचं जेवून सगळे खूश. तिचे होणारे सासरे म्हणाले, "आवं, कुठल्या जमान्यातल्या गोष्टी घेऊन बसलाय? आमी असलं काय मानत न्हाई." बरोबर आहे, जेवण झाल्यावर कोण मानतो!

सासरी गेल्यावर तिला पहिल्याच आठवड्यात सासूनं सांगितलं, की सकाळी पुरुषमाणसं खाऊन बाहेर पडेपर्यंत तोंड उघडायचं नाही. चुकून माहेरचं नाव निघायला नको. म्हणजे भाकऱ्या हिनं थापायच्या, कालवण हिनं करायचं, वाढायचं हिनंच, पण मुक्यानं. आणखी वाढू का हेसुद्धा विचारायचं नाही. ताई हातानं खुणा करून वाढायची. बाहेरचं कुणी आलं तर सासू सांगायची, "सून जरा अबोल हाय." आमची ताई अबोल! माझ्या जन्मापासून तिनं मला दोन वाक्यं सलग बोलू दिलेली नाहीत.

अशी काही वर्षं गेल्यावर एका सकाळी तिला बँकेतून फोन आला. खात्याचं काहीतरी होतं. पलीकडच्या मुलीनं जन्मगाव विचारलं, ताईनं सांगितलं. तवा चुलीवर, फोन कानाला, खांदा आणि मान यांच्यामध्ये, आणि सासरे नुकतेच पाटावर येऊन बसलेले. त्यांनी ऐकलं. उठले, हात न लावलेलं ताट तसंच ठेवून मोटारसायकल काढली आणि शेताकडं निघाले. वाटेत ऊस भरलेली ट्रॉली उलट्या बाजूनं आली. सासरे वाचले, उजवा पाय गेला.

कावळा बसायला आणि फांदी मोडायला. ट्रॉलीवाल्याच्या अंगाला दारूचा वास येत होता, हे पोलिसांनाही कळलं. पण घरात निकाल लागायला पोलिसांची गरज नव्हती. दवाखान्यात ताई डबा घेऊन गेली तर सासूनं डबा तिच्या हातातून घेतला, खिडकीबाहेर उपडा केला आणि रिकामा तिच्या हातात परत दिला. नवरा बाजूलाच उभा होता. सैन्यात होता तो, सुट्टीवर आलेला. सीमेवर उभा राहायची हिंमत असलेला माणूस आईपुढं मूग गिळून बसला. पंधरवड्याच्या आत ताई तिच्या परातीसकट आमच्या दारात होती. परात तेवढी तिनं हट्टानं मागून आणली होती.

मी तेव्हा सांगलीत नोकरीला लागले होते. विश्रामबागेत, कॉलेजांच्या मागच्या बाजूला, माझ्या खोलीखाली एक गाळा रिकामा होता. ताईला म्हटलं, ये इकडं. इथं कुणाला कुणाचं गाव विचारायला वेळ नाही. ती आली आणि तिनं मेस काढली. कुणी विचारलंच तर सांगायची, माहेर मलकापूरचं. मलकापूर नाव तिनं का घेतलं ठाऊक नाही. कऱ्हाडला खेटून आहे, मोठं आहे, त्याच्या नावानं कुणाचं काही अडत नाही, म्हणून असेल.

ती वर्षं तिची सुखाची. सकाळी मी वर आवरत असायचे आणि खालून तिची बडबड ऐकू यायची. वाढताना ती इतकी बोलायची की पोरं वैतागायची. "आरं, भात घे की अजून. परीक्षा हाय ना तुझी? रिकाम्या पोटी डोकं चालतंय व्हय?" इतकी वर्षं मुक्यानं वाढलेलं सगळं ती बोलून भरून काढत होती. रविवारी भरलं वांगं असायचं आणि रांग रस्त्यापर्यंत जायची. इंजिनिअरिंगची पोरं, नर्सिंगच्या मुली, माधवनगरहून सायकलवर येणारे एक निवृत्त मास्तर. जैन मुलांसाठी कांदा-लसणाशिवायचं वेगळं पातेलं ती आपणहून चढवायची. माझ्या नवऱ्यानं मला पहिल्यांदा तिथंच पाहिलं. तो सांगली शहरातलाच. त्याला आमच्या गावाची गोष्ट ही गंमत वाटते. गंमत वाटायला पाय शाबूत आणि पोट भरलेलं असावं लागतं.

मग एक दिवस एका मुलाचे वडील त्याला भेटायला आले. ताईच्या सासरच्याच गावचे. मुलानं मोठ्या कौतुकानं त्यांना जेवायला मेसवर आणलं. ताईनं ताट वाढलं, त्यांनी वर पाहिलं आणि ओळखलं. घास हातातच राहिला.

"तू... डोंगरामागची न्हवं?" ते म्हणाले.

ताई म्हणाली, "न्हाई. मलकापूरची."

"आगं, तुज्या लग्नात मी जेवलोय. मला सांगती व्हय?" ते उठले, हात धुतला आणि मुलाला म्हणाले, "चल. हितं न्हाई जेवायचं."

जाता जाता त्यांनी दारात उभं राहून मुलाला सगळी गोष्ट सांगितली. पेव, बाई, तान्हं मूल आणि सासऱ्याचा पाय. रांगेतल्या पोरांनी ऐकली.

तुम्हाला वाटेल, आजकालची पोरं, कॉम्प्युटर शिकणारी, असलं थोडंच मानतात? नाही मानत. मानलं असतं तर बरं झालं असतं. मानणारा माणूस एकदा उठून जातो आणि परत येत नाही. या पोरांना खेळ मिळाला. सगळे जेवायला बसले की कुणीतरी मागून आरोळी ठोकायचा, "झाकवाडी!" आणि सगळी पोरं एकदम हात वर करून ओरडायची, "गेला, गेला, घास गेला!" हसत हसत जेवायची. पहिले काही दिवस ताईही हसली. मग एकाला जुलाब झाले. मग एकजण तोंडी परीक्षेत नापास झाला. मग परीक्षेच्या दिवशी 'उगाच रिस्क कशाला' म्हणून पोरं समोरच्या गाड्यावर वडापाव खाऊ लागली. मग परीक्षा नसतानाही. थट्टेच्या वाटेनं शिरलेली गोष्ट श्रद्धेच्या वाटेनं शिरलेल्या गोष्टीपेक्षा चिवट असते. तिच्याशी वादच घालता येत नाही. समोरचा म्हणतो, गंमत केली ओ.

निवृत्त मास्तर शेवटपर्यंत येत राहिले. एकदा मोठ्यानं म्हणाले, "मी असल्या अंधश्रद्धा पायदळी तुडवतो," आणि जेवायच्या आधी खिशातून एक बिस्कीट काढून खाल्लं. पोट रिकामं नको म्हणून. ताईनं ते पाहिलं. त्याच आठवड्यात तिनं मेस बंद केली. मी रागावले, भांडले, दुसरीकडं गाळा बघू म्हटलं. ती म्हणाली, "दुसरीकडं काय, माझं तोंड मी हितं ठेवून जाऊ?" आणि परात घेऊन गावाला गेली.

गावात तोपर्यंत नवंच वारं शिरलं होतं. आमचा चुलतभाऊ सरपंच झाला होता. त्याला आम्ही दादा म्हणतो. त्यानं ठरवलं, गावाचं नाव बदलायचं. पोरांची लग्नं जमत नाहीत, पोरींना लोक तोंडावर हसतात. एकदा काय तो सोक्षमोक्ष लावायचा. ग्रामसभेत ठराव झाला आणि नवं नाव ठरलं अन्नपूर्णानगर. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा! सरकारी कागदावर ते यायला कितीतरी वर्षं जातील, पण तोवर थांबायचं कशाला, म्हणून रस्त्यावर मोठी कमान उभारायची, आमदारांना बोलवायचं आणि गावजेवण घालायचं ठरलं.

ताई स्वतःहून दादाकडं गेली. म्हणाली, "दादा, गावजेवान मी करनार. मला काय नको. फकस्त सैपाक माझा."

दादा म्हणाला, "आगं, तुज्याबिगर दुसरं कोन करनार? तूच करायचंस."

मी तिला इतकी वर्षं ओळखते, पण तिला असं उजळलेलं त्या महिन्याइतकं कधी पाहिलं नाही. ती मला रोज फोन करायची. गव्हाची खीर करायची का बुंदी? आमटीला कोल्हापुरी मसाला चालेल का? गहू तिनं स्वतः भिजवले, उखळात कांडले, वाळवले. तिचा हिशेब साधा होता. ज्या गावाच्या नावानं तिचं सासर गेलं, मेस गेली, ते नाव पुसलं जाणार आणि त्याच दिवशी अख्खं गाव तिच्या हातचं जेवणार. मग तिच्या नावाला चिकटलेलं सगळं धुऊन निघणार. तिला खरोखर असं वाटत होतं.

कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी दादा घरी आला. मी रजा घेऊन तिच्या मदतीला आले होते. तो उंबऱ्यातच उभा राहिला.

"ताई, एक इचार केला पंचायतीनं. मलकापूरचा कॅटरर सांगितलाय."

ताई गहू पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं. "का?"

"आगं, आमदार येनार. भायेरची मानसं येनार. तुझं सासरचं झालं, मेसचं झालं... लोक बोलत्यात. मी न्हाई म्हनत. मी मानतबी न्हाई. पर आजच्या दिशी उगं कशाला?"

"नाव बदलतोयस ना रं तू?" ताई म्हणाली. "मग?"

"नाव गावाचं बदलतोय," दादा म्हणाला. आणि हे बोलून तो गेला.

मला त्याच्या तोंडावर सूप मारायचं होतं. अजूनही त्याच्या घरी गेले की माझी नजर सुपाकडं जाते. ताईनं मात्र कांडलेले गहू डब्यात भरले, झाकण लावलं आणि म्हणाली, "तू वाढायला जा. मानसं कमी पडतील त्यास्नी."

कार्यक्रम झोकात झाला. आमदारांनी सकाळी कमानीची फीत कापली आणि पुढच्या कार्यक्रमाला गेले, जेवायला थांबले नाहीत. कुणीतरी त्यांनाही सांगितलं असावं. दादानं भाषण केलं. म्हणाला, जुन्या अंधश्रद्धा आपण आज गाडल्या, आता हे अन्नपूर्णेचं गाव, इथून कुणी उपाशी जाणार नाही. टाळ्या पडल्या. मग शाळेच्या मैदानावर मांडवात पंगत बसली. एका बाजूला पुरुष, एका बाजूला बायका, मधून आम्ही वाढणारे. भात, आमटी, वांग्याची भाजी, खीर. सगळ्यांना वाढून झाल्याशिवाय, माइकवरून पुकारा झाल्याशिवाय कुणी घास उचलायचा नाही, ही आमच्याकडची रीत.

ताई बायकांच्या रांगेत पहिल्या पानावर बसली होती. नवं लुगडं, डोक्यावरून पदर. दादा पुकाऱ्यासाठी माइक घेऊन उभा राहिला तशी ती उठली आणि हात पुढं केला. "दादा, दोन शबुद बोलू दे."

सगळ्या गावासमोर नाही कसं म्हणणार? त्यानं माइक दिला.

"आपल्या गावाला आज चांगलं नाव मिळालं," ती म्हणाली. आवाज अगदी रोजचा, मेसमध्ये भात वाढताना असायचा तसा. "आता जुन्याला निरोप देऊ. मी म्हनते, तुमी माज्या मागनं म्हना." आणि म्हणाली, "झाकवाडी."

मांडवात कुणी हललं नाही.

"म्हना की. दादानं आत्ताच सांगितलं न्हवं, अंधश्रद्धा गाडली? मग भ्यायचं कशाला? झाकवाडी. झाकवाडी. झाकवाडी." दर वेळी ती एकेका रांगेकडं वळून म्हणत होती, कुणाला ऐकू आलं नाही असं व्हायला नको म्हणून. मग तिनं माइक दादाच्या हातात दिला आणि आपल्या पानावर जाऊन बसली.

पहिला एक म्हातारा उठला. मग त्याच्या शेजारचा. नंतर एकेक करून नाही, ओळच्या ओळ उठली. बायकांनी पोरांना दंडाला धरून उभं केलं. एका लहान पोरीनं चोरून खिरीचं बोट चाटलं होतं. तिच्या आईनं तिच्या तोंडात बोट घालून ते बाहेर काढलं. पोरगी रडत रडत गेली. दादा माइकमधून "बसा, आवं बसा की" म्हणत होता. त्याचं स्वतःचं पानही समोर वाढलेलं होतं. त्याला फक्त बसून एक घास खायचा होता. तो बसला नाही.

मांडवात वाफाळणारी पानं राहिली आणि ताई राहिली. तिनं भात कालवला आणि जेवायला लागली. मी आमटीची बादली घेऊन तशीच उभी होते.

दादा तिच्यासमोर आला. "हे काय केलंस?"

"जेवतीया," ताई म्हणाली. "आमटीत मीठ कमी हाय." मग माझ्याकडं पाहिलं. "वाढ गं."

मी आमटी वाढली. तिनं दोनदा मागून घेतली, खीरही घेतली. सावकाश, पोटभर, पान स्वच्छ करून जेवली. मला तेव्हा तिची भीती वाटली आणि तिचा अभिमानही वाटला. कुठलं जास्त, ते मला आजही सांगता येणार नाही. उरलेलं सगळं संध्याकाळी ट्रॅक्टरमधून नेऊन ओढ्याला खड्डा खणून पुरलं. जनावरांनाही घातलं नाही. वर माती ओढली, दगड ठेवले.

कमान अजून आहे. अन्नपूर्णानगर हे नाव तिच्यावर सोनेरी अक्षरांत आहे आणि ते कुणीही घेत नाही, ना सकाळी, ना जेवल्यावर. कंडक्टर अजून 'डोंगरामागचं'च म्हणतो.

परवा गावाकडं निघाले होते. एसटीत पुढच्या बाकावर दोन कॉलेजच्या मुली होत्या. कमान आली तशी एकीनं दुसरीला विचारलं, "या गावाचं नाव का घेत न्हाईत गं?"

"आगं, हितं म्हनं एका बाईला गावानं जेवानाला हात लावू दिला न्हवता," दुसरी म्हणाली. "मग तिनं भरल्या पंगतीत शाप दिला. सगळं गाव उपाशी उठलं आनि ती एकटी जेवली. सगळ्या गावाचं अन्न मातीखाली झाकावं लागलं. तवापासनं झाकवाडी."

"कवाची गोष्ट?"

"लय जुनी. माजी आजी सांगती."

त्या पंगतीला तीन वर्षंसुद्धा झालेली नाहीत. मुलगी अठरा-एकोणीस वर्षांची असेल. ती पंगत झाली तेव्हा ती दहावी-बारावीत असणार. पण तिचं खोटं नव्हतं. तिला तसंच कळलं होतं. तान्हं मूल गेलं, पेव गेलं, दुष्काळ गेला. आता ती बाई म्हणजे आमची ताई.

घरी पोचले. ताई अंगणात एकटीपुरती ज्वारी निवडत होती. मी तिला एसटीतली गोष्ट सांगितली. वाटलं, चिडेल, नाहीतर हसेल. तिनं शेवटपर्यंत ऐकलं.

"आनि पुढं त्या बाईचं काय झालं म्हनली?" तिनं विचारलं.

"ते नाही सांगितलं तिनं."

"सांगनार न्हाईत," ताई म्हणाली आणि पुन्हा निवडायला लागली. मी सकाळी लवकर निघाले होते. म्हटलं, भूक लागलीय, पटकन भाकरी टाक, वाटलं तर मीच टाकते.

तिनं मान वर केली नाही. "त्या बाईनं कुनाला वाढल्याचं कुठल्या गोष्टीत हाय का?" ती म्हणाली. "तू यापुढं येशील तवा जेवून येत जा."

आत चूल विझलेली होती आणि परात भिंतीला पालथी लावून ठेवलेली होती. मग पाणी प्यायले आणि दुपारच्या गाडीनं परत आले. आता मी विश्रामबागेतून जेवूनच निघते.